मोटारीचे पाचवे चाक

मोटार चार चाकांवर धावते, हे लहान मूलही सांगेल. परंतु आरंभिलेला प्रवास तडीस नेण्याची हमी पुष्कळदा पाचवे चाक देत असते. डिकीच्या तळाशी, चटईखाली पडून असलेल्या या चाकाची आठवण वर्षानुवर्षे कोणास होत नाही. ज्या दिवशी ती होते, त्या दिवशी मात्र दुसरे काही सुचत नाही.

सत्तरी तालुक्यातून बेळगावास जाणारा रस्ता उदाहरणादाखल घेऊ. साखळी मागे टाकली की केरी आणि अंजुणे धरणाचा परिसर लागतो, मग चोर्ला घाटाची चढण सुरू होते. पुढे कणकुंबी, जांबोटी अशी गावे घेत रस्ता बेळगावास पोहोचतो. पावसाळ्यात या वाटेवर भर दुपारी धुके उतरते. घाटात दुरुस्तीचे दुकान हाकेच्या अंतरावर नसते, आणि प्रत्येक वळणाआड भ्रमणध्वनी लागेलच असेही नाही. अशा ठिकाणी रुग्णास घेऊन निघालेल्या मोटारीचा टायर खड्ड्याच्या धारदार कडेने फाटला, तर प्रश्न केवळ खोळंब्याचा राहत नाही. खेड्यापाड्यांतून एखाद्या घरची खाजगी मोटार हीच अडीअडचणीला साऱ्या वाड्याची रुग्णवाहिका ठरते, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे.

अलीकडच्या काळात बाजारात आलेल्या काही नव्या मोटारींत मात्र हे पाचवे चाक दिलेलेच नसते. त्याऐवजी एक लहानसा पंप व एक बाटली ठेवलेली असते. हा बदल का झाला, तो कितपत पुरेसा आहे आणि वाहनधारकाने कोणती दक्षता घ्यावी, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

‘स्टेपनी’ शब्दाचा उगम

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोटारींबरोबर जादा चाक नसे. रस्त्यांवर घोड्यांच्या नालांचे खिळे विखुरलेले असत व पंक्चर ही नित्याची बाब होती. चालकास वाटेतच टायर उतरवून, ट्यूब सांधून, हातपंपाने हवा भरावी लागे. वेल्समधील लॅनेली या गावी टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी १९०४ साली यावर तोड काढली. त्यांनी आरे नसलेली, परंतु हवा भरलेला टायर चढविलेली एक धाव तयार केली. पंक्चर झालेल्या चाकालाच ती बाजूने घट्ट आवळावयाची आणि पुढे निघावयाचे, अशी ती सोय होती. गावातील स्टेपनी मार्गावरून या चाकास ‘स्टेपनी’ हे नाव पडले.

पुढे संपूर्ण चाकच काढता-घालता येऊ लागले व ते मूळ जोडचाक मागे पडले. नाव मात्र उरले. भारतात आजही ट्रकचालकापासून शिक्षकापर्यंत सर्वजण जादा चाकास स्टेपनीच म्हणतात. ब्राझीलमधील पोर्तुगीज भाषेतही त्याच नावापासून ‘एस्तेपे’ हा शब्द रूढ झाला आहे.

नियमांतील बदल

केंद्रीय रस्ता वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत दुरुस्ती केली. ही दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आली. चालकाखेरीज जास्तीत जास्त आठ आसने व साडेतीन टनांपर्यंत एकूण वजन असलेल्या प्रवासी मोटारींस ती लागू आहे. अशा मोटारीत ट्यूबविरहित टायर, टायरमधील हवेचा दाब दर्शविणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्ती संच या तिन्ही गोष्टी असतील, तर जादा चाक देणे बंधनकारक राहिलेले नाही.

ही सवलत आहे, मनाई नव्हे. स्वतःच्या मोटारीत जादा चाक बाळगण्यास कोणतीही आडकाठी नाही. उत्पादकावरील बंधन शिथिल झाले, याचा अर्थ वाटेतील अडचण नाहीशी झाली असा होत नाही. ती निवारण्याची तयारी आता अधिक प्रमाणात वाहनधारकानेच ठेवावयाची आहे.

या सवलतीमागील कारणे समजण्यासारखी आहेत. जुन्या टायरमधील ट्यूबला खिळा लागताच हवा झपाट्याने निघून जाई. ट्यूबविरहित टायरमध्ये खिळा रुतून बसला तरी रबर त्याभोवती घट्ट धरून राहते आणि हवा सावकाश निघते. दाब दर्शविणारी यंत्रणा याची सूचना चालकास आधीच देते. काही मोटारींत यासाठी प्रत्येक चाकात संवेदक बसविलेला असतो. काहींत चाकांच्या फेऱ्यांवरून अनुमान केले जाते, कारण हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते व ते इतरांहून थोडे वेगाने फिरते. याशिवाय जादा चाक व त्याची अवजारे काढून टाकल्याने वजन घटते आणि विजेवरील मोटारीत बॅटरीसाठी किंवा सीएनजीवरील मोटारीत टाकीसाठी जागा मिळते.

चार प्रकारच्या सोयी

आजच्या मोटारींत पंक्चरसाठी चारपैकी एखादी सोय आढळते.

पहिली सोय म्हणजे इतर चारांसारखेच पूर्ण आकाराचे चाक. ते बसविल्यावर प्रवास पूर्ववत चालू ठेवता येतो.

दुसरी सोय म्हणजे तात्पुरते लहान चाक. ते अरुंद किंवा कमी व्यासाचे असते व त्यावर बहुधा ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा छापलेली असते. ते जवळच्या दुकानापर्यंत पोहोचण्यापुरतेच वापरावे. असे चाक इंजिनाच्या बळाने फिरणाऱ्या बाजूस लावल्यास डावे व उजवे चाक निरनिराळ्या गतीने फिरत राहतात आणि गतीतील फरक सांभाळणाऱ्या दंतचक्रांवर सतत ताण येतो. म्हणून पुढील चाकांवर चालणाऱ्या मोटारीचे पुढचे चाक पंक्चर झाले असता, शक्य असल्यास मागचे चांगले चाक पुढे घ्यावे व लहान चाक मागे लावावे.

तिसरी सोय म्हणजे टायर दुरुस्ती संच. बाटलीतील चिकट द्रव टायरमध्ये सोडून मोटारीच्या विजेवर चालणाऱ्या पंपाने हवा भरली जाते. नंतर मर्यादित वेगाने काही किलोमीटर जाऊन हवा पुन्हा तपासावयाची असते. रुतलेला खिळा तसाच राहू द्यावा. टायरच्या धावत्या पृष्ठभागावरील लहान छिद्रासाठी हा उपाय चांगला आहे. टायर बाजूने फाटला असेल, खड्ड्यात आपटून रिम वाकली असेल, किंवा हवा नसताना मोटार बरीच चालविली गेली असेल, तर मात्र त्याचा उपयोग होत नाही. बाटलीवर मुदतीची तारीख छापलेली असते, आणि एक बाटली साधारणपणे एकाच पंक्चरला पुरते.

चौथी सोय म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर. त्यांच्या बाजू इतक्या भक्कम असतात की साधारणतः ताशी ८० किलोमीटर वेगाने सुमारे ८० किलोमीटर जाता येते. असे टायर महाग असतात व लहान गावी ते सहज मिळत नाहीत.

उपेक्षेने निकामी होणारे चाक

पाचवे चाक आहे एवढ्यावर निर्धास्त राहणेही योग्य नव्हे. न वापरलेल्या टायरमधील हवाही दरमहा थोडी थोडी कमी होत जाते. वर्षभर दुर्लक्ष झालेले चाक ऐन वेळी बसविले असता तेच बसके निघाल्याचा अनुभव अनेकांनी घेतलेला असतो. टायरदाब दर्शविणारी यंत्रणा जादा चाकाकडे लक्ष ठेवीलच असे नाही. म्हणून पेट्रोल पंपावर चार चाकांची हवा पाहताना पाचव्याचीही पाहावी. तात्पुरत्या लहान चाकात बहुधा ६० पौंड म्हणजे नेहमीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट दाब लागतो. योग्य आकडा त्या चाकावरच लिहिलेला असतो.

रबर वयोमानानेही कठीण होते व त्यास भेगा पडतात. टायरच्या बाजूवर निर्मितीचा चार अंकी क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन अंक वर्षातील आठवडा व नंतरचे दोन वर्ष सांगतात. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांपेक्षा जुना टायर, तो एकदाही रस्त्यावर आला नसला तरी, वापरू नये असा अनेक टायर उत्पादकांचा सल्ला आहे. जुनी मोटार विकत घेताना हा क्रमांक अवश्य वाचावा.

ज्या मोटारींचे जादा चाक बाहेरून तळाशी टांगलेले असते, त्यांची स्थिती अधिक नाजूक असते. तांबडी माती, चिखल आणि किनारपट्टीची खारी हवा यांमुळे चाक खाली सोडणारी साखळी किंवा तार गंजून अडकते. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, चाक खाली उतरवून ती यंत्रणा साफ करावी व तिला तेल द्यावे.

अंगणातील धडा

चाक बदलणे अवघड नाही, परंतु ते प्रथमच करण्याची जागा घाटातील वळण नव्हे. घराच्या अंगणात, सपाट जमिनीवर, घरातील मोटार चालविणाऱ्या प्रत्येक स्त्री-पुरुषाने ते एकदा करून पाहावे. त्यातून अनेक उणिवा आधीच उघड होतात. जॅक असतो पण त्याचा दांडा नसतो, किंवा चोरी टाळण्यासाठी बसविलेल्या खास नटाची चावी कार्यशाळेतच राहिलेली असते.

सर्वांत सामान्य अडचण म्हणजे नट न हलणे. मोटारीचे नट साधारणतः १०० न्यूटन-मीटर किंवा त्याहून थोड्या अधिक पिळाने आवळलेले असतात. पान्याचा दांडा २५ सेंटिमीटर लांबीचा असेल, तर एवढ्या पिळासाठी त्याच्या टोकाशी सुमारे ४० किलोग्रॅमचा जोर लावावा लागतो. दांडा ५० सेंटिमीटरचा असेल, तर २० किलोग्रॅम पुरतात. कार्यशाळेत हवेच्या यंत्राने नट प्रमाणाबाहेर आवळले गेले असतील, तर आखूड पान्याने ते हलणारही नाहीत. शाळेत तरफेचा नियम शिकविणाऱ्या शिक्षकांस याहून जिवंत उदाहरण मिळणार नाही. मोटारीत लांब दांड्याचा पाना ठेवल्यास अशक्त व्यक्तीलाही हे काम साधते.

प्रत्यक्ष प्रसंगी क्रम चुकवू नये. प्रथम मोटार वळणापासून व उतारापासून दूर, सपाट जागी न्यावी. हळूहळू नेताना टायर वाया गेला तरी चालेल, माणसाचा जीव त्याहून मोलाचा आहे. धोक्याचे दिवे लावावेत, मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा, आणि प्रवाशांस उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे. हातब्रेक ओढून कर्णरेषेतील विरुद्ध चाकास दगड लावावा. नट थोडे सैल करून मगच जॅक लावावा. जमीन भुसभुशीत असल्यास जॅकखाली फळी घ्यावी. जॅकवर उचललेल्या मोटारीखाली शरीराचा कोणताही भाग जाऊ देऊ नये. नवे चाक बसविल्यावर नट ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. वाहतूक वेगवान असेल किंवा जागा अरुंद असेल, तर चाक बदलण्याचा आग्रह न धरता मदत मागवावी. त्यासाठी ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे, राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हा क्रमांकही उपलब्ध आहे.

निवड कशी करावी

ज्यांचा प्रवास मुख्यतः शहरात होतो व ज्यांना कोठेही दुरुस्तीचे दुकान जवळ आहे, त्यांचे काम दुरुस्ती संचावर भागू शकेल. घाट, जंगलातील वाटा, खाणींच्या परिसरातील खडीचे रस्ते आणि रात्रीचा प्रवास ज्यांच्या वाट्यास येतो, त्यांनी मात्र मोटार घेतानाच जादा चाकाची चौकशी करावी. ते दिलेले नसेल, तर त्याच मापाचे चाक, जॅक व पाना वेगळे घेता येतील काय, आणि ते डिकीत घट्ट बांधून ठेवता येतील काय, हे विक्रेत्याकडून समजून घ्यावे. सैल ठेवलेले चाक अपघातात प्रवाशांवरच आदळू शकते.

मोटार विकत घेताना किंमत विचारली जाते, रंग पाहिला जातो, एका लिटरमध्ये किती अंतर कापते याची चर्चा होते. डिकीतील चटई मात्र सहसा कोणी उचलून पाहत नाही. ती उचलून पाहावी. घाटातल्या धुक्यात, मागच्या आसनावर रुग्ण असताना, त्या चटईखाली काय आहे हे प्रथमच पाहण्याची वेळ कोणत्याही कुटुंबावर येऊ नये, यासाठी मोटार दारात उभी असतानाच घालविलेली पंधरा मिनिटे पुरेशी आहेत.