दांडियाचा ठेका आणि डेसिबलची मर्यादा

दांडियात टिपरी ठेक्यावर पडते. त्यामुळे एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना डीजेला दोन्हींची लय जुळवावी लागते, अन्यथा फेर विस्कटतो. खरे कसब हेच. भिंतीएवढे स्पीकर कोणीही भाड्याने आणतो.

फिरंगाई देवीच्या कुरकुंभला (ता. दौंड) औद्योगिक वसाहतीचा शेजार आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ डेसिबलची मर्यादा, निवासी भागात मात्र ५५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाला याहून १० डेसिबल अधिक किंवा ७५, यांपैकी कमी असेल तेवढीच मुभा आहे. दहा डेसिबलने तीव्रता दसपट होते! रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून कमाल १५ दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकते. तेव्हाही आवाजाची मर्यादा कायम राहते आणि निवासी भागात ती रात्री ४५ वर उतरलेली असते.