गोठविलेल्या कोंकराच्या मांसाचे आयात-निर्यातीचे भाव

मेंढरें बाळगणाऱ्या शेतकऱ्याच्या वाचनांत “परदेशीं कोंकराच्या मांसाचा भाव चढला” अशी बातमी आली, म्हणजे यंदा कळप विकावा कीं रोखून धरावा, असा विचार त्याच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु तो भाव कोणत्या बंदरचा, कोणत्या नाण्यांतला व कोणत्या जिनसाचा, हें समजल्यावांचून त्या बातमीच्या भरंवशावर व्यवहार करणें धोक्याचें होय. जगांतील हा निर्यातव्यापार मुख्यतः ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या दोन देशांच्या हातीं आहे. त्यांपैकीं न्यूझीलंडचा अनुभव फार बोधप्रद असल्यामुळें तोच येथें थोडक्यांत देतों.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. या व्यापारांत कोंकरू म्हणजे साधारणपणें एक वर्षाच्या आंतलें मेंढरू. मोठ्या मेंढराच्या मांसाचा भाव वेगळा, व बहुधा कमी असतो. आपल्याकडे मटण म्हणून जें विकलें जातें तें पुष्कळदां बकऱ्याचें असतें. या तिन्ही भावांची एकमेकांशीं तुलना करूं नये.

इ. स. १८८२ पूर्वीं न्यूझीलंडांत मेंढरें पाळीत तीं लोंकरीसाठीं. मांस खाणारीं माणसें थोडीं व विलायत हजारों मैल दूर. म्हणून म्हातारीं मेंढरें कढवून त्यांची चरबी तेवढी काढीत. त्या सालच्या फेब्रुवारीच्या १५ तारखेस ‘डनेडिन’ नांवाचें शिडाचें जहाज पोर्ट चामर्स बंदरांतून निघालें. वाफेवर चालणारें थंडीचें यंत्र त्यावर बसविलेलें होतें, आणि पोटांत सुमारें पांच हजार सोललेलीं जनावरें होतीं. त्यांत कोंकरें सहाशेंच्या आसपास. उष्ण कटिबंधांत थंड हवा सर्वत्र खेळेना, तेव्हां कप्तान स्वतः हवेच्या बोगद्यांत शिरला व गारठून बेशुद्ध होतां होतां त्यास दोर बांधून बाहेर ओढावें लागलें. ९८ दिवसांनीं माल लंडनास पोंचला तो उत्तम स्थितींत, आणि स्मिथफील्डच्या बाजारांत त्यास मायदेशच्या जवळजवळ दुप्पट भाव आला. तेव्हांपासून मांसाचा भाव गांवच्या खाटकाच्या हातून सुटून समुद्रापलीकडील गिऱ्हाइकाच्या हातीं गेला.

गोठविलेला माल अनेक महिने टिकतो, त्यामुळें विकणारा उतावीळ होत नाहीं, हा मोठा लाभ खरा. पण शीतगृह जसें विकणाऱ्याचें तसेंच घेणाऱ्याचेंहि असतें. त्याचीं कोठारें भरलेलीं असलीं म्हणजे तोहि थांबूं शकतो, आणि भाव उतरतो. म्हणून शिल्लक साठा किती आहे, हा भाव जाणण्याचा पहिला मार्ग होय.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. नव्वद वर्षें न्यूझीलंडचें मुख्य गिऱ्हाईक एकच, तें म्हणजे ब्रिटन. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश सरकारनें सारें मांस ठराविक दरानें घेतलें. ती खरेदी १९२० सालीं थांबतांच भाव कोसळले, व उत्पादकांचें हित राखण्यासाठीं १९२२ सालीं तेथें मांस-मंडळ स्थापावें लागलें. पुढें १ जानेवारी १९७३ रोजीं ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारांत गेला. जुन्या ओळखीच्या दारावर जकात बसली. आणि १९८० सालीं ती २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली ती वर्षाला सुमारें २,४५,००० टनांहून अधिक माल न पाठविण्याच्या अटीवर.

भाव पडूं लागले तेव्हां तेथील सरकारनें १९७८ पासून किमान भावाची हमी दिली. परिणाम असा झाला कीं, बाजारास नको असतां शेतकरी मेंढरें वाढवीत गेले. १९८२ सालीं त्यांची संख्या सात कोटींवर गेली. मांसाचे ढीग पडून राहिले, व त्यांतील कांहीं माल पुन्हां चरबी व खत करण्याकडे गेला. म्हणजे शंभर वर्षांनीं गाडी फिरून त्याच ठिकाणीं आली. १९८४ नंतर हमी बंद झाली. आज तेथें अडीच कोटींहूनहि कमी मेंढरें आहेत.

त्यानंतर नवें गिऱ्हाईक मिळालें तें चीन. १ ऑक्टोबर २००८ पासून त्या देशाशीं करार अमलांत आला व जकात टप्प्याटप्प्यानें उतरली. युरोपांत मागच्या मांड्या, अमेरिकेंत बरगड्यांचा नाजूक भाग, आणि चीनांत पोटाकडील पातळ मांस, असें एकाच कोंकराचें तीन देशांत गिऱ्हाईक झालें. २०१८ सालीं चीनांत डुकरांत मोठी सांथ आली, दुसऱ्या मांसाची मागणी वाढली, व २०१९ सालीं कोंकराचे भाव उंच चढले. २०२३ सालीं चीनची मागणी मंदावली, त्याच वेळीं ऑस्ट्रेलियाचा माल बाजारांत फार आला, आणि भाव झपाट्यानें उतरले. शेतकऱ्याच्या मेहनतींत या दोन्ही वर्षीं कांहीं फरक पडला नव्हता.

आतां तक्ते कसे वाचावे तें सांगतों. निर्यातीच्या तक्त्यांतील भाव बहुधा जहाजावर माल चढेपर्यंतचा असतो. आयातीच्या तक्त्यांतील भावांत बहुधा जहाजभाडें व विमा धरलेला असतो. म्हणून दोहोंतील अंतर म्हणजे दलालाचा नफा, असें समजूं नये. पुढें हुंडणावळीचा प्रश्न. परदेशीं डॉलरांतला भाव स्थिर असला तरी आपलें नाणें उतरलें म्हणजे हातीं पैसे अधिक येतात, व नाणें चढलें म्हणजे कमी.

सर्वांत फसवी वस्तु म्हणजे सरासरी, हें जमाबंदीच्या दप्तरांत बसलेल्या कोणासहि ठाऊक असतें. समजा, गेल्या सालीं ८० किलो साधें मांस ५०० रुपये दरानें व २० किलो निवडक तुकडे १,००० रुपये दरानें गेले. एकूण ६०,००० रुपये, सरासरी ६००. यंदा दोन्ही दर दहा टक्क्यांनीं उतरून ४५० व ९०० झाले, पण माल ५० किलो व ५० किलो असा गेला. एकूण ६७,५०० रुपये, सरासरी ६७५. प्रत्येक जिनसाचा भाव उतरला, तरी वर्तमानपत्रांत “भाव चढला” असें छापून येईल!

आपल्या देशाशीं हा व्यापार आतां अगदींच दूरचा राहिलेला नाहीं. ऑस्ट्रेलियाशीं झालेल्या करारान्वयें २९ डिसेंबर २०२२ पासून तेथून येणाऱ्या मेंढराच्या मांसावरील ३० टक्के जकात उठली आहे. आणि दार एकाएकीं बंद झाल्यास काय होतें, हें आपल्या कांदेकऱ्यांस निराळें शिकविण्याची गरज नाहीं. ऑगस्ट २०२३ मध्यें कांद्यावर ४० टक्के निर्यातजकात बसली, डिसेंबरांत निर्यातच बंद झाली, व ती बंदी मे २०२४ मध्यें उठली.

तात्पर्य, भाव चढल्याची बातमी वाचतांच चार प्रश्न विचारावे: गिऱ्हाईक किती व कोणतें? त्याच्या कोठारांत शिल्लक किती? जकात व हुंडणावळ काय? आणि हा भाव एका जिनसाचा कीं सरासरीचा? या चोहोंचीं उत्तरें मिळाल्यावांचून केवळ बातमीवर विसंबून कर्ज काढून कळप वाढवूं नये, आणि हातचें स्थानिक गिऱ्हाईकहि सोडूं नये.