मणक्याच्या शस्त्रक्रियेत मज्जारज्जूवरचा पहारा

मणक्याची शस्त्रक्रिया चालू असताना रुग्ण भुलीखाली असतो. पाय हलतो का, तळव्याला स्पर्श कळतो का, हे त्याला विचारता येत नाही. त्याच्याऐवजी हाच प्रश्न त्याच्या चेतातंतूंना विजेच्या सौम्य झटक्यांनी पुन्हा पुन्हा विचारत राहण्याच्या पद्धतीला न्यूरोमॉनिटरिंग म्हणतात.

मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड असतो आणि प्रौढ माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या वरच्या भागात काम करताना धोका जास्त. मणक्यात बसवायचा स्क्रू मज्जारज्जूपासून काही मिलिमीटरांवरून जातो. क्षयाने मणके झिजून आलेले कुबड किंवा वाढत्या वयातील मुलीचा वाकडा झालेला कणा सळईने सरळ करताना रज्जू ताणला जातो आणि त्याचा रक्तपुरवठा आखडतो. हात चुकला नाही तरी इजा होऊ शकते, ती अशी.

यंत्र नव्हते तेव्हा रुग्णालाच अर्धवट जागे करत. फ्रान्समधील स्टॅग्नारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये ही चाचणी मांडली. सळई बसवून झाली की भूल हलकी करायची, रुग्णाला पाऊल हलवायला सांगायचे, हलले की पुन्हा झोपवायचे. चाचणी विश्वासार्ह आहे आणि यंत्रावर शंका आली तर आजही करतात. मात्र ती त्या एका क्षणापुरतेच उत्तर देते.

अखंड पहाऱ्यासाठी दोन वाटा तपासाव्या लागतात. घोट्याजवळच्या नसेला दिलेला झटका सुमारे 40 मिलिसेकंदांत मेंदूपर्यंत पोचतो आणि डोक्याच्या त्वचेवरील इलेक्ट्रोड तो टिपतात. ही संवेदनेची वाट रज्जूच्या मागच्या भागातून जाते. हालचालीचे आदेश वेगळ्या वाटेने उतरतात, आणि रज्जूच्या पुढच्या सुमारे दोन-तृतीयांश भागाला रक्त एकाच धमनीतून मिळते. ते रक्त कमी पडले तर पडद्यावरील संवेदनेच्या संकेताची रेघ ठणठणीत दिसत असतानाही पाय लुळे पडू शकतात. म्हणून डोक्यावरून झटके देऊन पायाचे स्नायू प्रतिसाद देतात का, हेही पाहतात. झटक्याने जबडा घट्ट मिटतो, त्यामुळे जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांत मऊ गुंडाळी ठेवतात. नसांच्या मुळांसाठी स्नायूंतील विद्युत हालचाल सतत ऐकली जाते आणि स्क्रूला थेट झटका देऊनही पाहतात. अगदी कमी विजेवर स्नायू उडाला, तर हाडाची भिंत फुटल्याचा संशय घेतात.

या सगळ्यात भूलतज्ज्ञाचा वाटा शल्यचिकित्सकाइतकाच मोठा आहे. श्वासावाटे दिलेली भूल हे संकेत दाबते, स्नायू शिथिल करणारे औषध तर स्नायूंचा प्रतिसादच पुसते. म्हणून शिरेतून प्रोपोफॉल देऊन झोपवणे पसंत करतात.

संवेदनेच्या संकेताची उंची निम्म्याहून खाली गेली किंवा त्याला पोचायला दहा टक्के उशीर झाला, तर इशारा मानतात. मग हात थांबतात. आधी तार सुटली आहे का, भूल बदलली आहे का, हे बघतात. रक्तदाब वाढवतात, अंग गार पडले असल्यास ऊब देतात, हिमोग्लोबिन तपासतात. नुकताच दिलेला ताण सोडतात, वेळ पडल्यास स्क्रू किंवा सळई काढतात. अनेकदा रेघ परत येते. इशारा इजा पक्की होण्याआधी मिळतो, यातच या पद्धतीचे सारे मोल आहे.

मात्र नुसते यंत्र विकत आणून भागत नाही. अमेरिकेतील 51,263 शस्त्रक्रियांचा आढावा 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. सरावलेल्या चमूंच्या रुग्णांत चेतासंस्थेच्या इजांचे प्रमाण नवख्या चमूंच्या निम्म्याहून कमी आढळले.

बारामती-इंदापूरच्या उसाच्या पट्ट्यात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या मजुराची पाठ हा रोजचा विषय आहे. त्यातील बहुतेक दुखणी शस्त्रक्रियेविना बरी होतात. कमरेची सरकलेली गादी काढण्याच्या साध्या शस्त्रक्रियेत हा सगळा पसारा सहसा लागत नाही, कारण तिथे मज्जारज्जू नसतोच. कुबड, मोठा बाक, रज्जूतील गाठ, मानेत दबलेला रज्जू यांची गोष्ट वेगळी. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही उपचार इथे ठरोत की शंभर किलोमीटरवरच्या पुण्यात, नातेवाइकांनी आधी विचारून घ्यावे: हालचालीची वाटही तपासणार का, आणि रेघांसमोर पूर्ण वेळ कोण बसणार? हा प्रश्न विचारण्यात डॉक्टरांवर अविश्वास नाही.

टाके घालून झाल्यावर रुग्ण शुद्धीवर येताच पायाचा अंगठा वर-खाली करायला सांगतात. ही तपासणी वॉर्डातही पहिले दोन दिवस ठरावीक वेळाने होते, कारण रक्तदाब घसरल्याने किंवा आत रक्त साकळल्याने पाय काही तासांनंतरही कमजोर पडू शकतात. रात्री पाय जड वाटू लागले, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता लगेच नर्सला सांगावे लागते.