कपाशीच्या शेतातील तणांचे बदलते गणगोत

शेतात कोणते तण माजेल हे जमीन आणि पाऊस यांच्याइतकेच तणांचा बंदोबस्त करण्याच्या रीतीवरही अवलंबून असते. कपाशीच्या शेतात हे ठळकपणे दिसते, कारण हे पीक रुंद अंतरावर लावले जाते, सुरुवातीला सावकाश वाढते आणि पहिले सुमारे दोन महिने ओळींमधली उघडी जमीन तणांना मोकळे रान ठरते.

विदर्भाच्या काळ्या जमिनीत सारी भिस्त डवरणी व निंदणावर होती तेव्हा माठ, कुंजरू अशी बियांपासून उगवणारी हंगामी तणे बरीचशी आटोक्यात राहत. मात्र जमिनीखालच्या खोडांतून वा गाठींतून पुन्हा फुटणारी हराळी, लव्हाळा आणि कुंदा ही बहुवार्षिक तणे डवऱ्याला दाद देत नसत. पुढे मजुरी महागली, तणनाशके आली आणि निवडीचा निकषच बदलला. क्विझालोफॉप हे तणनाशक केवळ गवतवर्गीय तणे मारते, त्यामुळे त्याच्यावरच विसंबलेल्या शेतात रुंद पानांच्या तणांना व लव्हाळ्याला आयतीच जागा मिळते.

या स्थित्यंतराचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे केना हे तण. अमेरिकेत ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारी कपाशी 1997 साली बाजारात आली, नांगरट कमी झाली, जमिनीत टिकून राहणाऱ्या जुन्या तणनाशकांचा वापर घटला आणि ग्लायफोसेटला मुळातच फारसा न बधणारा केना जॉर्जिया राज्यात काही वर्षांतच कपाशीच्या अत्यंत त्रासदायक तणांत गणला जाऊ लागला. त्याला वर निळी फुले येतात, तर जमिनीखाली न उमलणारी फुले स्वपरागणाने बी धरतात; शिवाय ओल्या मातीत पडलेला खोडाचा तुकडाही मूळ धरतो, म्हणून भर पावसातली डवरणी त्याच्या पथ्यावरच पडते.

प्रतिकारक्षमता ही याहून वेगळी बाब आहे. जॉर्जियातच 2005 साली माठाच्या कुळातील पामर अमरँथवर ग्लायफोसेट निष्प्रभ ठरल्याचे सिद्ध झाले. येथे जात बदलली नाही, त्याच जातीतील मोजकी तग धरणारी झाडे वाचली आणि त्यांचीच संतती पसरली.

भारतात मान्यता नसतानाही तणनाशक सहन करणारे कपाशीचे बियाणे विदर्भात पोहोचले आहे आणि केना तर तेथे पूर्वीपासूनच आहे. त्यामुळे एकाच औषधावर भिस्त न ठेवता पिकांची फेरपालट करणे, डवरणी चालू ठेवणे आणि उरलेसुरले तण बी धरण्याआधी उपटणे निकडीचे आहे, कारण मातीत साठलेले तणांचे बी एका हंगामात संपत नाही.