परक्यांसाठी ओंजळभर पाणी

लेखमाला : मरण आणि आपण (भाग ६)

मागच्या आठवड्यात आपण घरच्या मरणाविषयी बोललो. दहावा, तेरावा, सुतक, दुखवटा या रीतींच्या आधारानं मोडलेलं घर हळूहळू कसं सावरतं, ते पाहिलं. आज प्रश्न परक्यांच्या मरणाचा आहे. गाझातलं मूल, इस्रायलमधली म्हातारी, युक्रेनमधला दुकानदार, सुदानमधली लेकुरवाळी. यांना आपण कधी पाहिलेलं नाही. त्यांनी कोणावर हत्यार उगारलं नव्हतं, तरी युद्धानं त्यांना नेलं. टोकावड्यात किंवा किन्हवलीत बसून मोबाइलवर ती बातमी पाहिली की जीव कळवळतो, आणि तेवढ्यात कोणीतरी विचारतं, "ते कोणाच्या बाजूचे?" या प्रश्नापाशी आपला शोक अडतो. तो तिथे अडू नये, एवढंच मला या भागात सांगायचं आहे. त्यासाठी लागणारं शहाणपण बाहेरून आणावं लागत नाही. ते आपल्या गावांत आहे आणि आपल्या ग्रंथांतही आहे.

हुतात्मा आणि निरपराध

आधी एक फरक समजून घेऊ. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. माथेरानचे कोतवाल वकील होते. त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले होते. पुढे काय वाढून ठेवलं आहे हे ठाऊक असताना त्यांनी ती वाट धरली. दर वर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर लोक जमतात, तेव्हा ते बाजू घेऊनच जमतात आणि तसंच व्हायला हवं. ज्यानं एका बाजूसाठी जीव दिला, त्याचं स्मरण त्या बाजूला वगळून करताच येणार नाही.

निरपराध बळीचं तसं नसतं. त्यानं काही निवडलेलं नसतं. तो पाण्याच्या रांगेत उभा असतो, झोपलेला असतो, शाळेत असतो. त्याच्या मरणाला झेंडा नसतो. तो झेंडा नंतर दुसरे लावतात. एक बाजू त्याला आपला हुतात्मा म्हणते, दुसरी त्याला आकडा म्हणते. या ओढाताणीत तो माणूसच हरवतो. म्हणून हुतात्म्याला वाहायची मानवंदना आणि निरपराधासाठी करायचा शोक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला बाजू लागत नाही.

गावाला हे आधीच ठाऊक आहे

बांधावरून भावकीत वाद नाही असं गाव शहापूर-मुरबाडात शोधून सापडणार नाही. सातबाऱ्यावरच्या एका नावासाठी दोन चुलत घरं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतात. लग्नाचं आमंत्रण बंद होतं, एकमेकांच्या ओट्यावर बसणं बंद होतं. पण एका घरात मयत झालं की दुसऱ्या घरातला माणूस निरोपाची वाट पाहत नाही. तो येतो, लाकडं उचलतो, तिरडी बांधायला हात लावतो, खांदा देतो. दहाव्याला नदीवर येऊन प्रवचनाला बसतो. पुढच्या तारखेला कोर्टात तोच समोरच्या बाकावर असतो. गावात कोणी त्याला दुटप्पी म्हणत नाही. तो आला नसता, तर मात्र बोल लागला असता.

या रीतीत एक खोल समज आहे. वादाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. प्रेताला मात्र आजच खांदा हवा. खांदा दिल्यानं खटला मागे घेतला जात नाही आणि खटला चालू आहे म्हणून खांदा नाकारला जात नाही. न्याय आणि शोक यांचे हिशेब गाव वेगवेगळ्या वह्यांत ठेवतं. जगातल्या युद्धांविषयी बोलताना मात्र आपण त्या दोन्ही वह्या एक करून टाकतो.

रणभूमीवरची गांधारी

हीच समज महाभारताच्या स्त्रीपर्वात मोठ्या आकारात दिसते. युद्ध संपलं आहे आणि दोन्हीकडच्या बायका कुरुक्षेत्रावर आल्या आहेत. व्यासांनी दिलेल्या दिव्य दृष्टीनं गांधारी ते रणांगण पाहते आणि कृष्णाला एकेक प्रेत दाखवते. दुर्योधन, दुःशासन आणि विकर्ण ही तिची स्वतःची मुलं. पण ती तिथे थांबत नाही. ती अभिमन्यू दाखवते, त्याच्या देहापाशी बसलेली कोवळी उत्तरा दाखवते. अभिमन्यू शत्रूच्या घरचा, तिच्याच मुलांच्या सैन्यानं घेरून मारलेला. द्रुपद आणि विराटही पांडवांच्या बाजूचे. त्यांच्यासाठीही तिचा आवाज तसाच फाटतो.

द्रौपदीची पाच मुलं तर रणांगणावरही मेली नव्हती. अश्वत्थाम्यानं रात्री झोपलेल्या छावणीत शिरून त्यांचा घात केला होता. ती आई कुंतीसह गांधारीसमोर येते, तेव्हा गांधारी तिला सांगते की जी तुझी गत तीच माझी, आपल्या दोघींचं सांत्वन आता कोण करणार. शंभर मुलं गमावलेली आई आणि पाच गमावलेली आई त्या क्षणी एकाच जागी उभ्या असतात. कोणाचं दुःख मोठं, कोणाच्या मुलांनी सुरुवात केली, हा हिशेब तिथे निघत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. गांधारी काही रागलोभाच्या पलीकडे गेलेली नव्हती. तिच्या मनात पांडवांविषयी संताप धुमसत होता आणि शोक झाल्यावर तिनं कृष्णाला शापही दिला. ग्रंथ तिला तिची बाजू सोडायला लावत नाही. आधी सगळी प्रेतं पाहायला लावतो. अध्यात्माची मागणी एवढीच आहे. तुमचं मत असू द्या, पण मत मांडण्याआधी दोन्हीकडची प्रेतं पाहा.

पुढे धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, ज्यांचं मागे कोणी नाही त्यांचं काय? युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य आणि इतरांना आज्ञा देतो की एकही देह अनाथासारखा पडून राहता कामा नये. दूरदेशांहून आलेले, नावगाव न कळलेले, अशा सगळ्यांना अग्नी दिला जातो. मग सगळे गंगेवर जलदान करायला जातात आणि तिथे कुंती उघड करते की कर्ण तिचा थोरला मुलगा होता. ज्याला आयुष्यभर शत्रू मानलं, त्याच्यासाठी आता भाऊ म्हणून पाणी सोडायचं होतं. शत्रू म्हणून मोजलेला माणूस आपल्याच घरचा निघाला, हे पांडवांना तो मेल्यावर कळलं. आपल्याला ते आधी कळायला हवं.

ज्यांना पाणी देणारं कोणी उरलं नाही

पितृपक्षात हाच विचार विधीच्या रूपात आपल्या घरी येतो. तर्पणात आधी आपल्या आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या नावानं पाणी सोडतात. पण विधी तिथे संपत नाही. ज्यांना मागे पाणी द्यायला कोणी नाही त्यांच्यासाठी, आणि शेवटी ब्रह्मदेवापासून गवताच्या पात्यापर्यंत सगळ्या जीवमात्रांसाठी पाणी सोडलं जातं. पितृपक्षातली चतुर्दशी तर शस्त्रानं मेलेल्यांसाठीच राखून ठेवलेली आहे. ते शस्त्र कोणाचं होतं, हे पंचांग विचारत नाही. दुसऱ्या दिवशीची सर्वपित्री अमावास्या ज्यांची तिथीच माहीत नाही त्यांना सामावून घेते. ढिगाऱ्याखाली सापडलेल्या किती जणांची तिथी कोणाला माहीत असते?

हा ओलावा एकाच धर्माचा नाही. मुरबाड तालुक्यातून नाणेघाट चढून जुन्नरला जाणारी वाट दोन हजार वर्षं जुनी आहे, आणि तिचं एक टोक सोपारा बंदरापाशी होतं. त्या सोपाऱ्यात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, पुढे नवव्याचाही मिळाला. त्याच मालिकेतला तेरावा लेख कलिंग युद्धाविषयी आहे. दीड लाख माणसं परागंदा केली, एक लाख मारली गेली, आणि त्याहून कितीतरी अधिक नंतर मेली, असं तो राजा स्वतः लिहितो. पण आकड्यांवर तो थांबत नाही. श्रमण, ब्राह्मण, आईवडिलांची सेवा करणारे, नोकरचाकरांशी नीट वागणारे साधे गृहस्थ यांच्या वाट्याला जखम, मरण किंवा ताटातूट आली. ज्यांना स्वतःला इजा झाली नाही त्यांनाही आप्तांच्या दुःखानं दुखावलं. याची त्याला सर्वांत जास्त खंत वाटते. जिंकणाऱ्यानं हरलेल्यांच्या सामान्य माणसांसाठी दगडावर कोरलेला शोक म्हणून मी या लेखाकडे पाहतो.

आता आजच्या सर्वांत पेटलेल्या, इस्रायल आणि गाझाच्या भांडणाकडे वळू. बेने इस्रायली ज्यू कोकणात शतकानुशतकं राहिले, मराठी बोलले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यांतले बरेच जण इस्रायलला गेले, आणि मराठी बोलणारी घरं आजही तिथे आहेत. कोकणातली मराठी मुसलमान कुटुंबंही आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच बाजारपेठांत आहेत. एका निरपराध जिवाची हत्या ही अवघ्या मानवजातीची हत्या ठरते, हा विचार ज्यूंच्या मिश्नामध्ये आहे आणि कुराणातही आहे. कुराण तर तो इस्राएलच्या संततीला दिलेला आदेश म्हणूनच सांगतं. दोन्ही धर्मांना एकच वचन मिळालेलं असताना आपण लांब बसून त्यांच्या मृतांची वाटणी का करावी?

मग अन्याय करणाऱ्याचं काय?

इथे रास्त शंका येते. बाजू न घेणं म्हणजे मारणाऱ्याला आणि मरणाऱ्याला एकाच मापानं मोजणं नाही का? तसं मुळीच नाही.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात २६ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांतले तीन आपल्या जिल्ह्यातल्या डोंबिवलीचे होते. त्यांना मारणारे गुन्हेगार होते, हे म्हणताना कोणीही अडखळू नये. मृतांमध्ये एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही होता. त्यानंतर मे महिन्यात पूंछमध्ये तोफगोळे पडले आणि डझनाहून अधिक नागरिक गेले. त्यांत शीख, हिंदू, मुसलमान होते आणि लहान मुलंही होती. सीमेपलीकडे एखादं मूल गेलं असेल, तर त्यानंही कुठला कट रचलेला नव्हता. या सगळ्यांसाठी एकाच वेळी डोळे भरून येणं म्हणजे गुन्हेगाराला सोडून देणं नव्हे. उलट निरपराधाच्या मरणाचं दुःख ज्याला मनापासून होतं, तोच गुन्ह्याला गुन्हा म्हणण्याच्या लायकीचा राहतो. ज्याचा शोक फक्त आपल्यांपुरता असतो, त्याची न्यायाची मागणीही बदल्याकडे घसरते.

शोकात बाजू शिरली की काय होतं, ते हिरोशिमानं पाहिलं. ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बनं जपान्यांबरोबर तिथे असलेले हजारो कोरियन लोकही मेले. त्यांच्यासाठी १९७० मध्ये उभारलेलं स्मारक शांतता उद्यानाच्या बाहेर होतं. ते आत यायला १९९९ साल उजाडलं. एकाच ज्वाळेत जळालेल्यांना एकाच आवारात जागा मिळायला अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. आपण आपल्या मनाच्या आवारात असं करू नये.

हे प्रत्यक्षात कसं करायचं?

यासाठी मोठा कार्यक्रम लागत नाही. बातमी वाचताना मेलेल्याचा देश आणि धर्म पाहण्याआधी त्याचं वय वाचा. सर्वपित्रीला पानं वाढाल तेव्हा, किंवा रोजच्या हरिपाठानंतर, त्या आठवड्यात युद्धांत गेलेल्या निरपराधांसाठी एक ओंजळ पाणी सोडा किंवा दोन मिनिटं शांत बसा. बुद्धविहारात मैत्रीभावना करताना, मशिदीत दुआ मागताना त्यांची आठवण ठेवा. दोन्हीकडच्या मृतांची आठवण एकाच वाक्यात काढा. एकाच्या मागे लगेच दुसऱ्याचा दोष लावू नका. त्या बैठकीत राजकारणावर बोलायचं नाही, एवढा नियम गावातल्या भजनी मंडळानं केला तरी पुष्कळ आहे. वाद घालायला चावडी आहे, चहाची टपरी आहे. तिथे जरूर घाला.

यानं युद्ध थांबेल असं मी म्हणणार नाही. पण युद्ध चालू राहायला लागणारी एक गोष्ट आपल्याकडून मिळायची बंद होईल. काही माणसं रडण्याच्या लायकीची नाहीत, ही समजूत प्रत्येक युद्धाला लागते. शहापूर-मुरबाडच्या ज्या माणसानं कोर्टातल्या वैऱ्याला खांदा दिला आहे, त्याला ही समजूत कधीच पटता कामा नये.

पुढच्या भागात : शोक झाल्यावरही राग उरतो, त्याचं काय करायचं? गांधारीनं शाप दिला, अशोकानं दिग्विजय सोडला. या दोन वाटा कुठे नेतात, ते पुढच्या आठवड्यात पाहू.