चेहऱ्यावरचे तेल

वाराणसीस गंगेच्या काठी राजा घाट आहे. त्याचे जुने नाव अमृतराव घाट. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांच्या नावाशी त्याचे दगडी बांधकाम निगडित आहे. 1824 मध्ये काशीसच त्यांचा अंत झाला. काशीच्या घाटांवर मोहरीचे तेल अंगाला रगडून मग गंगेत उतरणारे लोक आजही आढळतात. आपल्याकडील दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचा क्रमही हाच: आधी तेल, मग उटणे, मग ऊन पाणी. उटण्याचे पीठ तेल शोषून घेते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. बाहेरून लावलेल्या तेलाचा प्रश्न तेवढ्यावर मिटतो.

परंतु अशाच पायऱ्यांवर पंधरा-सोळा वर्षांचा एखादा मुलगा साबणाची वडी नाकाकपाळावर पुनःपुन्हा घासत बसला असेल, तर त्याचे गाऱ्हाणे निराळे असते. त्याने तेल लावलेलेच नसते. सकाळी स्वच्छ धुतलेला चेहरा दुपारपर्यंत तुकतुकीत होतो, त्यावर मुरूम उठतात आणि चारचौघांत जाणे त्याला नकोसे वाटते. हे तेल घाण्यातले नव्हे. ते त्याच्याच त्वचेत तयार होत असते.

शास्त्रीय परिभाषेत त्याला त्वक्‌स्नेह म्हणतात. स्नेह म्हणजे तेल आणि मायाही. भाषांतरकाराला असे शब्द क्वचितच लाभतात. तळहात व तळपाय वगळता अंगावर जवळजवळ सर्वत्र, बहुधा केसांच्या मुळांलगत, या तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. चेहऱ्यावर त्यांची दाटी फार. एका चौरस सेंटिमीटरमध्ये 400 ते 900 देखील आढळतात. त्यांची कार्यपद्धती विलक्षण आहे. ग्रंथीच्या तळाशी जन्मलेली पेशी हळूहळू तेलाने फुगत जाते आणि शेवटी फुटते. त्या फुटलेल्या पेशीचे द्रव्य हेच आपले त्वक्‌स्नेह. त्यात चरबी, मेण आणि स्क्वालीन नावाचा पदार्थ असतो. हा स्क्वालीन जपानी रसायनशास्त्रज्ञ त्सुजिमोतो यांना विसाव्या शतकाच्या आरंभी शार्क माशाच्या यकृताच्या तेलात सापडला होता!

वयात येताना अँड्रोजेन या वर्गातील हॉर्मोनांचे प्रमाण वाढते व या ग्रंथी मोठ्या होतात. मुलींतही हे घडते. ग्रंथीला वरून जाणीव होते, चेहरा कोरडा पडला की ती अधिक तेल सोडते, असा समज रूढ आहे. क्लिगमन व शेली या अमेरिकन संशोधकांनी 1958 मध्ये ही कल्पना तपासली, तेव्हा तिला आधार मिळाला नाही. वर तेल असो वा नसो, ग्रंथीचे काम चालूच राहते. साबण वरचे तेल नेतो. खालच्या पेशीपर्यंत तो पोचत नाही.

मग वारंवार घासल्याने काय साधते? त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तर साधा साबण अल्कधर्मी. अतिरेक झाला की बाहेरचा थर उघडा पडतो, आग होते, सालपटे निघतात आणि तेल मात्र येतच राहते. म्हणून सौम्य साबणाने दिवसातून दोनदा, शिवाय घाम आल्यावर, हलक्या हाताने तोंड धुवावे. मध्येच तेल दिसल्यास ते मऊ कागदाने टिपावे. अंगाला मोहरीचे तेल चोळणाऱ्यांनी तोंड वगळावे हे बरे. मुरूम असल्यास सॅलिसिलिक आम्ल किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड असलेल्या औषधांचा उपयोग होतो. ग्रंथीच आक्रसवणारे आयसोट्रेटिनॉइन हे जीवनसत्त्व ‘अ’च्या कुळातील औषध प्रभावी आहे, पण त्याने गर्भाला गंभीर इजा होते, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते.

खरा धोका आहे तो औषधांच्या दुकानातून कोणाच्या तरी सांगण्यावरून आणलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमांचा. चार दिवस चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते आणि ज्यासाठी मलम लावले ते मुरूमच वाढतात. अशी मलमे बरीच मुले-मुली महिनोन् महिने लावीत राहतात. दीर्घकाळ लावलेले मलम एकाएकी सोडल्यास चेहरा अधिकच भडकतो. तेव्हा ते सोडतानाही त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

वय वाढले की ग्रंथींचा जोर ओसरतो, स्त्रियांत ऋतुनिवृत्तीनंतर विशेषच. नडगीवर तर त्या मुळातच विरळ. घाटावरील वृद्ध थंडीत पायांना तेल चोळतात, ते या उणिवेमुळेच.