मारिओची उडी किती खरी?

नव्वदच्या दशकात नांदेड-लातूरकडच्या अनेक घरांत उन्हाळ्याच्या सुट्टीत टीव्हीला एक छोटा डबा जोडला जाई. मुले त्याला 'टीव्ही गेम' म्हणत. त्यात बसवायच्या प्लॅस्टिकच्या वडीला 'कॅसेट' म्हणत, पण तिच्यात फीत नसे, एक चिप असे. याच डब्यावर लाल टोपी आणि मिशा असलेला, कासवांवर उड्या मारणारा मारिओ घरोघरी पोहोचला. आज तोच खेळ मुले मोबाईलवर खेळतात. वेळेचा अपव्यय म्हणून आपण त्यांना रागावतो. पण या खेळात अकरावीच्या भौतिकशास्त्राचा एक अख्खा पाठ दडलेला आहे, तो आपण पाहू.

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ जपानच्या निन्टेंडो कंपनीने सप्टेंबर १९८५ मध्ये बाजारात आणला. शिगेरू मियामोतो हे त्याचे मुख्य रचनाकार. संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवला होता. आजच्या मोबाईलने काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. इतक्या थोड्या जागेत काटकसर करावीच लागते. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप नीट पाहा. दोन्हींचा आकार एकच आहे, फक्त रंग बदलला आहे. मारिओला टोपी आणि मिशाही काटकसरीतूनच मिळाल्या. मोजक्या ठिपक्यांत केस आणि तोंड नीट काढता येईना, म्हणून १९८१ च्या 'डाँकी काँग' या खेळातच त्याला टोपी घातली आणि नाकाखाली मिशा काढल्या.

आता उडीकडे वळू. पडद्यावर दर सेकंदाला सुमारे ६० चित्रे उमटतात. प्रत्येक चित्रात मारिओ किती ठिपके वर न्यायचा, एवढेच यंत्राला ठरवायचे असते. त्याला s = ut + ½at² हे सूत्र ठाऊक नाही. त्याचा साधा प्रोसेसर गुणाकारसुद्धा थेट करू शकत नाही, फक्त बेरीज-वजाबाकी जाणतो. म्हणून युक्ती अशी: वेगाचा एक आकडा लक्षात ठेवायचा, दर चित्राला त्यातून एक ठराविक संख्या वजा करायची, आणि उरलेला वेग उंचीत मिळवायचा. ती वजा होणारी ठराविक संख्या म्हणजेच गुरुत्व त्वरण.

हे चौकटीच्या कागदावर करून पाहता येते. सुरुवातीचा वेग ८ चौकटी धरा आणि दर पायरीला १ वजा करा. मारिओ ८, मग ७, मग ६ चौकटी वर जाईल. उंची होईल ८, १५, २१, २६, ३०, ३३, ३५ आणि शेवटी ३६. दर पायरीला तो एक चौकट उजवीकडेही सरकतो असे धरून बिंदू जोडा. वर्गातल्या फळ्यावरचा परवलय तुमच्या वहीत उतरेल.

इथे चाणाक्ष विद्यार्थी अडवेल. सूत्राप्रमाणे महत्तम उंची u²/2a, म्हणजे ६४ भागिले २, म्हणजे ३२ हवी. मग ३६ कशी? कारण आपण वेग झटक्याझटक्याने कमी केला, निसर्गात तो सलग कमी होतो. पायरी निम्मी करा, उत्तर ३४ येईल. पाव करा, ३३ येईल. पायरी जितकी बारीक, तितके उत्तर ३२ च्या जवळ. कलनशास्त्राची मूळ कल्पना हीच. 'लातूर पॅटर्न'च्या घोकंपट्टीत हे सूत्र हजारो मुलांना पाठ असते, पण ते येते कुठून हे फार थोड्यांनी स्वतःच्या हाताने पाहिलेले असते.

मग मारिओची उडी खरी आहे का? मोजून पाहू. जागेवरून उडी मारताना त्याचा सुरुवातीचा वेग दर चित्राला ४ ठिपके असतो. बटण दाबून ठेवले तर दर चित्राला त्यातून १/८ ठिपका कमी होतो. म्हणजे ३२ चित्रांत, सुमारे अर्ध्या सेकंदात, तो ६४ ठिपके, म्हणजे चार विटा उंच जातो. छोटा मारिओ स्वतः एका विटेएवढा, म्हणजे १६ ठिपक्यांचा. त्याची उंची १ मीटर धरली तर उडी ४ मीटरची झाली आणि g आले सुमारे २८ मीटर प्रति सेकंद वर्ग. पृथ्वीच्या जवळजवळ तिप्पट!

खरी गंमत पुढे आहे. खाली येताना, किंवा बटण मध्येच सोडले तर, वजा होणारी संख्या १/८ वरून ७/१६ होते. गुरुत्व एकदम साडेतीन पट! त्यामुळे बटण हलके दाबले की उडी ठेंगणी, दाबून धरले की उंच. वर जायला ३२ चित्रे लागतात, खाली यायला सुमारे २१ पुरतात. वर फेकलेल्या चेंडूला हवेचा विरोध सोडला तर वर जायला आणि खाली यायला सारखाच वेळ लागतो. हवेत गेल्यावर आपले मन बदलले म्हणून गुरुत्वाकर्षण बदलत नाही. खेळात ते बदलते, म्हणूनच मारिओ बोटाच्या इशाऱ्यावर नाचतो. पडताना त्याचा वेग दर चित्राला ४ ठिपक्यांवर थांबतो. पावसाच्या थेंबालाही असा अंतिम वेग असतो, पण तो हवेच्या विरोधामुळे. मारिओचा केवळ नियमामुळे.

आणखी एक धडा अंकांचा. जिन्यावरच्या कासवावर पुन्हा पुन्हा उड्या मारून मुले 'लाइफ' गोळा करत. पण लाइफ फार साठवल्या की एकदा मरताच खेळ संपे! कारण त्यांचा हिशेब आठ द्विमान अंकांत ठेवलेला असतो, आणि त्यातला पहिला अंक यंत्र ऋण चिन्ह म्हणून वाचते. १२७ च्या पुढची संख्या त्याला शून्यापेक्षा कमी वाटते. श्रीमंतीच्या टोकाला दिवाळे निघते ते असे.

आणि भारनियमनात वीज गेली की सगळी कमाई बुडे. खेळ कॅसेटच्या कायम स्मृतीत सुरक्षित असे, पण लाइफ आणि गुण डब्यातल्या ज्या तात्पुरत्या स्मृतीत असत, ती विजेवरच जगते. रॉम आणि रॅम यांतला फरक मराठवाड्यातल्या मुलांना याहून चांगला कोण शिकवणार?

तेव्हा पुढच्या वेळी मुलाच्या हातात हा खेळ दिसला तर मोबाईल काढून घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: मारिओ वर जाताना जास्त वेळ घेतो की खाली येताना? मोबाईलवर पडद्याचे चित्रण करून एकेक चित्र पुढे सरकवले की मोजता येते. उत्तर सांगू नका. चौकटीचा कागद द्या आणि मोजू द्या.